माळावरची बिडाची चूल

अमेरिकेत नेब्रास्का आणि डकोटाच्या माळावर जमीन धरून बसलेल्या शेतकऱ्यांची गोष्ट नेहमी नांगरापासून सुरू होते. मला ती चुलीची वाटते. 1862च्या होमस्टेड कायद्याने सरकार 160 एकर जमीन जवळजवळ फुकट देई. अट अशी, की पाच वर्षं तिथं राहून ती कसायची. (पॉनी, लकोटा अशा मूळ रहिवाशांना हुसकून ही जमीन मोकळी केली होती, हे विसरून चालणार नाही.) राहायचं म्हणजे रोज रांधायचं, आणि नजर पोचेल तिथवर झाड नाही.

घरसुद्धा गवताच्या मुळ्यांसकट कापलेल्या मातीच्या लाद्या रचून उभारलेलं. छपरातून पातेल्यात माती पडू नये म्हणून वर मांजरपाट ताणत. खाली बिडाची चूल. तिला घालायचं काय? आधी बायसनच्या रानशेणी. बायकापोरं पोती भरून वेचून आणत. बायसन संपले तशी गुरांच्या शेणी, मक्याची बुरकुंडं, आणि तीही सरली की गवत. मूठभर गवत पिळून घट्ट वळायचं, चुलीत सारायचं आणि ते जळून जायच्या आत दुसरं वळायचं. एकजण रांधायला, एकजण गवत पिळायला.

असल्या चंचल आचेवर पाव भाजणं म्हणजे खरं कसब. चुलीतल्या भट्टीला तापमापक नाही. बाई उघडा हात आत घालून आकडे मोजी. कितव्या आकड्याला चटका सोसेनासा झाला, त्यावरून पाव आता घालायचा की थांबायचं, हे ठरे. हा अंदाज आई मुलीला शेजारी उभं करून शिकवी.

1880-81च्या हिवाळ्यात हिमवादळांनी रेल्वे अडली, आणि डकोटातल्या डी स्मेट गावात पीठ आणि कोळसा दोन्ही संपलं. लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर तेव्हा तिथंच होती. पुढे 1940 साली ‘द लाँग विंटर’ या कादंबरीत तिनं ते दिवस रंगवले: कॉफी दळायच्या छोट्या चक्कीत गहू भरडायचे, गवत जाळून त्याच भरडीचा पाव करायचा.

सुकाळातही रोकड दुर्मिळ. तेव्हा घुसळलेलं लोणी आणि अंडी दुकानात देऊन बदल्यात साखर, कॉफी, कापड घेत. पीक बुडालेल्या वर्षी तर पुष्कळ घरांत एवढीच काय ती मिळकत असे, आणि ती बाईच्या हातची.