महामारींतील कलावंत व त्यांस मिळालेलें साहाय्य

गेल्या वर्षीं वर्गांत कोरोनाच्या दिवसांविषयीं बोलणें निघालें असतां एका मुलानें आम्हांस विचारलें, "सर, माणसें आजारानें मरत होतीं, तेव्हां नाटकवाल्यांना आणि गाणाऱ्यांना सरकारनें पैसे कां द्यावे?" प्रश्न सरळ होता व त्यानें तो उद्धटपणानें विचारला नव्हता. घरोघरच्या वडील मंडळींपैकींही पुष्कळांस तसेंच वाटत असेल. म्हणून त्याचें उत्तर येथें थोडें विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें घेत आहों. कारण तेथें ही मदत मोठ्या प्रमाणावर व अनेक वाटांनीं दिली गेली, आणि तिच्यांतील गुणदोषही उघड दिसून आले.

न्यूयॉर्क शहरांत ब्रॉडवे या नांवानें ओळखलीं जाणारीं ४१ नाटकगृहें आहेत. १२ मार्च २०२० रोजीं सरकारी हुकुमानें तीं सर्व बंद झालीं. तेथील मोठीं संगीत नाटकें पुन्हां सुरू होण्यास सप्टेंबर २०२१ उजाडला. म्हणजे सुमारें दीड वर्ष पडदा उघडला नाहीं. वाण्याचें दुकान अर्धें दार उघडून चालूं शकतें, कारण गिऱ्हाईक एकेक येतें. नाटकास मात्र शेंकडों माणसें एका छपराखालीं खांद्याला खांदा लावून बसावीं लागतात, आणि रोगानें नेमकें तेंच वर्ज्य केलें होतें. म्हणून हा धंदा सर्वांच्या आधीं बंद झाला व सर्वांच्या मागून उघडला. त्यांत केवळ नट बुडाले असें नव्हे. वादक, सुतार, दिवे लावणारे, पोषाख शिवणारे व तिकिटें विकणारे या सर्वांची रोजी एकाच रात्रीं गेली.

आतां कोणी म्हणेल कीं, काम गेलें तर बेकारीचा भत्ता आहेच. येथेंच खरी अडचण आहे. अमेरिकेंत हा भत्ता नोकरीस असलेल्या माणसासाठीं आहे. मालकानें भरलेल्या करांतून तो चालतो, आणि माणसाचें नांव मालकाच्या पगारपत्रकांत असावें लागतें. सारंगीसारखें व्हायोलिन वाजविणाऱ्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करा. तो सोमवारीं एका शाळेंत शिकवितो, बुधवारीं लग्नांत वाजवितो, शनिवारीं नाटकगृहांत बसतो. त्याचे धनी अनेक, पण त्यास आपला नोकर म्हणणारा जवळजवळ कोणी नाहीं. २७ मार्च २०२० रोजीं अमेरिकेंत जो मोठा साहाय्याचा कायदा झाला, त्यानें अशा स्वतंत्रपणें काम करणाऱ्या लोकांसाठीं निराळा भत्ता ठेविला, आणि जुलैअखेरपर्यंत बेकारांच्या भत्त्यांत दर आठवड्यास ६०० डॉलरची भर घातली.

तरीही एक फट राहिली. आमच्या या वादकास शाळेकडून थोडासा नियमित पगार मिळत असेल, तर सरकारदरबारीं तो पगारदार ठरे. मग भत्ता त्या थोड्या पगाराच्या मानानें ठरे व त्याची खरी मोठी मिळकत हिशेबांतच येत नसे. ही चूक ध्यानांत येऊन डिसेंबर २०२० मधील कायद्यानें अशा लोकांसाठीं दर आठवड्यास १०० डॉलर अधिक देण्याची सोय करण्यांत आली. तोंवर नऊ महिने होऊन गेले होते.

दुसरी वाट संस्थांची. वाद्यवृंद, संग्रहालयें, नृत्यमंडळ्या यांपैकीं पुष्कळ संस्था तेथें नफ्यासाठीं चालविल्या जात नाहींत. शिल्लक राहिलेला पैसा कोणी वांटून घेत नाहीं, तो पुन्हां कार्यांतच जातो. असल्या संस्थेजवळ मोठी गंगाजळी क्वचितच असते. वरील कायद्यानें राष्ट्रीय कलानिधीस ७ कोटि ५० लक्ष डॉलर दिले. त्यांतील शेंकडा ४० भाग राज्यांच्या व प्रादेशिक कलामंडळांकडे गेला. उरलेल्यांतून ८५५ संस्थांस मदत मिळाली, बहुतेकींस प्रत्येकी ५०,००० डॉलर. हा पैसा नोकरांच्या पगारास, कलावंतांच्या मोबदल्यास व जागेच्या भाड्यास वापरण्याची मुभा होती. पण नियमांत बसणारे अर्जच ३,१०० हून अधिक आले होते. शिवाय मागील चार वर्षांत या निधीकडून ज्यांस पूर्वीं साहाय्य मिळालें होतें, त्यांनींच अर्ज करावयाचा होता. यामुळें छाननी लवकर उरकली हें खरें. परंतु ज्या लहान संस्थेनें कधीं हात पसरला नव्हता, तिच्यासाठीं हें दार बंदच राहिलें.

नाटकगृहें, गायनाचीं सभागृहें व चित्रपटगृहें यांसाठीं २७ डिसेंबर २०२० च्या कायद्यानें १५ अब्ज डॉलर वेगळे काढले व पुढें त्यांत भर पडून ते १६ अब्जांहून अधिक झाले. रक्कम उदार होती, पण वांटप रखडलें. अर्ज घेण्याची यंत्रणा ८ एप्रिल २०२१ रोजीं उघडली आणि त्याच दिवशीं बिघडून बंद पडली. ती २६ एप्रिलला पुन्हां सुरू झाली. ज्याचें भाडें वर्षभर थकलें आहे, त्यास अठरा दिवस किती लांब वाटले असतील!

तिसरी वाट खाजगी दानाची. एप्रिल २०२० मध्यें कलेस साहाय्य करणाऱ्या सात संस्थांनीं एकत्र येऊन एक कोटि डॉलरचा निधि उभारला आणि अडचणींतील कलावंतांस प्रत्येकी ५,००० डॉलर देण्यास आरंभ केला. या पैशाच्या बदल्यांत नवें चित्र किंवा नवी कविता मागितली नव्हती. भाडें, अन्न, औषध यांसाठीं तो होता. अर्ज अर्थातच निधीहून कित्येक पटींनीं अधिक आले, व बहुतेकांस नकार घ्यावा लागला.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. पहिली गोष्ट अशी कीं, कलेस दिलेला पैसा रुग्णाच्या तोंडचा काढून दिला नव्हता. मार्च २०२० चा तो कायदा सुमारें २ लक्ष २० हजार कोटि डॉलरचा होता. त्यांत रुग्णालयें व वैद्यकीय सेवा यांसाठीं १० हजार कोटि होते. कलानिधीच्या वांट्यास दर लाख डॉलरमागें साडेतीनही आले नाहींत. दुसरी गोष्ट, नाटकगृह मालकाच्या आळसामुळें बंद पडलें नव्हतें. तुमचा आमचा जीव वांचावा म्हणून तें बंद करविलें होतें. सर्वांच्या हितासाठीं ज्याची रोजी थांबविली, त्याचा भार सर्वांनीं थोडथोडा उचलावा हा न्याय आहे. त्यास भिक्षा म्हणतां येत नाहीं. आणि तिसरी गोष्ट, वर्षानुवर्षें एकत्र वाजविणारी मंडळी पोटासाठीं पांगली, म्हणजे रोग गेल्यावर हांक मारून ती परत जमेलच असें नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतही जत्रा बंद, तमाशाचे फड बंद, लग्नाच्या वराती बंद अशी गत झाली होती. ऑगस्ट २०२१ मध्यें राज्य सरकारनें सुमारें ५६,००० एकल कलाकारांस प्रत्येकी ५,००० रुपये एकवार देण्याचें ठरविलें. तोंपर्यंत पहिली टाळेबंदी होऊन सतरा महिने लोटले होते.

शेवटीं एक गोष्ट सांगणें आम्हांस भाग आहे. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनास एक गृहस्थ कित्येक वर्षें तबल्याच्या साथीस येत असत. सन २०२० च्या डिसेंबरांत संमेलन झालें नाहीं. आम्हां शिक्षकांचा पगार चालू होता. शिकवणें घरून चाललें होतें. त्या गृहस्थांची बिदागी घरीं पोंचवावी, हें आमच्यापैकीं एकाच्याही मनांत आलें नाहीं. पुढें संमेलन पुन्हां भरलें तेव्हां निरोप धाडला, तर त्यांनीं तबला विकून भाजीची गाडी लावली असल्याचें कळलें. ते आमच्याशीं हंसून बोलले, चहा पाजला, आणि एका शब्दानेंही कांहीं म्हणाले नाहींत.

अमेरिकेच्या हिशेबांतले दोष दाखविणें सोपें आहे. आमच्या हिशेबांत ती एक बिदागी अद्याप बाकी आहे. मुलांनो, तुम्ही पुढें संसारांत पडाल, कोणी संस्था चालवाल, कोणी कायदे कराल. एखादा कार्यक्रम रद्द करण्याची पाळी तुमच्यावर आली, तर निरोप धाडण्यापूर्वीं एवढें विचारा: आज येथें कोण येणार होता, आणि त्याच्या घरीं आज चूल कशानें पेटेल?