‘पेशंट तसाही सीरियस होता’

२३ एप्रिल २०२१ च्या पहाटे तीनच्या सुमारास विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागात आग लागली. आत कोविडचे रुग्ण होते, बहुतेक ऑक्सिजनवर. त्या दिवशी १३ जण गेले आणि पुढच्या काही दिवसांत हा आकडा वाढला. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजन गळतीने रुग्ण दगावले, त्याला तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना पाच लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून दोन लाख रुपये जाहीर झाले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, अटकाही झाल्या.

बऱ्याच घरांत इथेच गैरसमज होतो. जाहीर झालेली मदत म्हणजे भरपाई नव्हे. ती सरकारने स्वतःहून दिलेली रक्कम असते आणि ती घेतली म्हणून वारसांचा दावा संपत नाही. फौजदारी खटल्याने शिक्षा होईल, पण घरातला कमावता माणूस गेल्याने झालेले नुकसान त्यातून भरून निघत नाही. भरपाईसाठी दावा वेगळा करावा लागतो आणि तो आपणच करायचा असतो. सही मात्र जपून करा. रुग्णालयाने बिल माफ करताना ‘आमची कोणतीही तक्रार नाही’ असा कागद पुढे केला, तर त्या दिवशी सही करू नका.

अशा दाव्यात समोरून पहिले उत्तर ठरलेले येते : पेशंट तसाही सीरियस होता. म्हणजे तो आजाराने गेला, आमच्या चुकीने नाही. याचा निवाडा भावनेवर होत नाही, वैद्यकीय पुराव्यावर होतो. म्हणून हा विषय आरोग्याच्या सदरात.

आगीत माणसे बहुधा भाजून नव्हे, धुराने मरतात. धुरातला कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. शवविच्छेदनात रक्तात त्याचे प्रमाण मोजता येते. श्वासनलिकेत काजळी सापडली, तर आग लागली तेव्हा माणूस जिवंत होता आणि धूर आत घेत होता, हे सिद्ध होते.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे गणित मात्र वेगळे. त्याला हवा नळीतून मिळते, खोलीतला धूर तितका आत जातच नाही. त्याचा जीव वीज किंवा ऑक्सिजनचा पुरवठा तुटल्यानेही जाऊ शकतो. तिथे काजळी सापडली नाही म्हणून रुग्णालय निर्दोष ठरत नाही. यंत्र किती वाजता बंद पडले, ते पाहावे लागते. आजकालची बरीच यंत्रे अलार्मची नोंद स्वतः ठेवतात आणि ती नोंद मागता येते.

आगीतून वाचवून दुसऱ्या रुग्णालयात हलवलेला रुग्ण दोन दिवसांनी गेला, तर गुंता आणखी वाढतो. शुद्ध ऑक्सिजन चालू असेल तर रक्तातला कार्बन मोनॉक्साईड तास-दीड तासात निम्म्यावर येतो. दोन दिवसांनी काढलेल्या रक्तात काहीच सापडणार नाही. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर तर हा फरक ओळखतच नाही. विषबाधा असतानाही तो ९८ दाखवू शकतो. त्यामुळे केसपेपरवर ‘९८’ लिहिले आहे म्हणून श्वास ठीक होता, असे मानायचे कारण नाही. दाखल होतानाचा पहिला रक्ततपासणी अहवाल आणि रुग्ण हलवतानाची नोंद, हे दोन कागद इथे निर्णायक ठरू शकतात.

नातेवाइकांना शवविच्छेदन नको असते. ‘आता आणखी चिरफाड कशाला?’ हे वाक्य समजण्यासारखे आहे. कोविडकाळात तर शक्यतो चिरफाड न करताच तपासणी करावी, अशा आयसीएमआरच्या सूचना होत्या. पण मृत्यूबद्दल शंका असेल तर पोलिसांना कळवून पंचनामा आणि शवविच्छेदनाचा आग्रह धरा. अंत्यसंस्कारानंतर ही वाट बहुतेक वेळा कायमची बंद होते.

कागदांचे म्हणाल, तर महापालिका देते त्या मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण नसते. ते डॉक्टरांच्या वेगळ्या प्रमाणपत्रावर असते आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते. उपचारांची पूर्ण फाईल लेखी अर्ज करून मागा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यायची असते. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. अर्ज देऊनही फाईल मिळाली नाही, तर त्या पोचीचाही पुढे उपयोग होतो.

दावा कुठे करायचा? पैसे देऊन उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोगात, मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत. उशीर झाला तर सबळ कारण दाखवावे लागते. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ऑनलाईनही होते आणि वारसाला स्वतःही बाजू मांडता येते. सर्वांना मोफत उपचार देणारी सरकारी वा पालिका रुग्णालये सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार या कायद्याबाहेर आहेत. त्यांच्याविरुद्ध दिवाणी किंवा उच्च न्यायालय. वसई-विरारकरांना हे माहीत असावे म्हणून जाता जाता : लोकलमधून पडून मृत्यू झाला तर रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे, एक वर्षाच्या आत, भरपाई आठ लाख. महामार्गावरच्या अपघातासाठी मोटार अपघात न्यायाधिकरण असते आणि तिथे कायद्यात मुदत सहाच महिन्यांची आहे.

वकील शोधताना ‘मोठा वकील’ शोधू नका, त्या दारात रोज जाणारा शोधा. जमिनीचे दावे उत्तम चालवणाऱ्याला केसपेपर वाचता येईलच असे नाही. पहिल्या भेटीत विचारा : वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे चालवलीत का? फाईल कोणत्या तज्ज्ञ डॉक्टरला दाखवाल? तारखेला तुम्ही उभे राहणार की कनिष्ठ? फाईल न चाळताच ‘पन्नास लाख नक्की’ म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळ्याच मृत्यूंत कोणाची चूक असते असे नाही. तसे तोंडावर सांगणारा वकील कामाचा.

फीबद्दल संकोच नको. ‘आता काही देऊ नका, भरपाईतले तीस टक्के द्या’ हा सौदा बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि रकमेत वाटा घ्यायला वकिलाला मनाई आहे. स्वतःहून गिऱ्हाईक शोधत फिरायलाही आहे. शवागाराच्या दारात कोणी वकिलाचे कार्ड हातात ठेवले, तर हे आठवा.

पैसे नसतील तरी वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि मोठ्या दुर्घटनेचे बळी यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देण्याची तरतूद आहे. नवरा गमावलेली बाई या यादीत आपोआप येते. वसई न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो.

एकाच दुर्घटनेत अनेक घरे होरपळली असतील तर एकत्र या. १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ जण गुदमरून गेले, तेव्हा कुटुंबांनी संघटना काढली आणि एकत्र लढा दिला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीस वर्षांवरील मृतांसाठी दहा लाख आणि त्याखालच्यांसाठी साडेसात लाख, व्याजासह, अशी भरपाई कायम केली. उच्च न्यायालयाने दिलेल्या रकमेपेक्षा ती कमी होती, आणि मध्ये चौदा वर्षे गेली होती.

इतकी वर्षे एकच वकील राहीलच असे नाही. वकील बदलता येतो. फी थकली म्हणून जुन्या वकिलाला फाईल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितले आहे. तरी मूळ कागद घरी ठेवा आणि वकिलाकडे प्रती द्या. कोरा वकालतनामा सही करून देऊ नका.