एनआयसीयूत बाळाला भेटताना
आमचं बाळ आठ आठवडे आधी जन्मलं. एनआयसीयूच्या दारातच नर्सने आजीला बांगड्या काढायला सांगितल्या. आजी हिरमुसली, पण कारण साधं होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा नाजूक, प्रतिकारशक्ती कमी. आणि जंतू बहुतेक वेळा हातांवरूनच पोचतात. बांगड्या-अंगठ्यांखाली ते हात धुऊनही उरतात. म्हणून कोपरापर्यंत हात मोकळे ठेवून साबणाने ४० ते ६० सेकंद धुवायचे, किंवा सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचं. मोबाईलला हात लागला की पुन्हा तेच! सर्दी-खोकला असेल तर जायचंच नाही.
डॉक्टरांनाही आम्ही "हात धुतलेत ना?" असं विचारायचो. कुणी रागावलं नाही.
मंडळी, भारतातून आजी-आजोबा निघण्याआधीच हे त्यांना फोनवर सांगून ठेवा.