एका घरचे चार गडी

वाचकहो, गावच्या कबड्डीच्या संघात दोन सख्खे भाऊ असले तर कुणाला नवल वाटत नाही. पण देशातल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, हजारो प्रेक्षकांसमोर, एकाच आईची चार मुले एकाच संघातून मैदानात उतरली तर? ऑस्ट्रेलियात १९९० साली असे घडले. ते घर शेतकऱ्याचे होते, म्हणून ही हकिकत मुद्दाम आपल्यासाठी सांगत आहे.

आधी खेळ समजून घेऊ. हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. याला ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणतात. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल आणि एका बाजूला १८ गडी. चेंडू लाथेने मारावा, हातात घेऊन पळावे, मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यावा. फेकायला मात्र मनाई. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. लाथेने मारलेला चेंडू मधल्या दोन खांबांमधून गेला तर गोल, म्हणजे ६ गुण.

या खेळाचा जन्मच नात्यागोत्यात झाला आहे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग जड होऊ नये म्हणून त्यांनी फुटबॉल खेळावा, अशी सूचना मेलबर्नच्या टॉम विल्सने १८५८ साली एका पत्रातून केली. पुढच्या वर्षी मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले. १८६६ साली ते सुधारण्यात पुढाकार घेतला एच. सी. ए. हॅरिसन यांनी. हे हॅरिसन विल्सचे आतेभाऊ. त्यांनी टॉमच्या बहिणीशी, एमिलीशी लग्न केले होते. मामाची मुलगी करणे तिकडेही चालत होते म्हणायचे!

एका संघात भाऊ-भाऊ कसे येत, याचा जुना दाखला कॉलिंगवूड या मेलबर्नच्या क्लबचा. शहराजवळच्या डायमंड क्रीक या फळबागांच्या गावातून कॉव्हेंट्री बंधू तिथे आले. धाकटा गॉर्डन १९२० साली, थोरला सिड १९२२ साली. सिड कर्णधार झाला आणि गॉर्डन गोल करू लागला. त्याच संघात अल्बर्ट आणि हॅरी ही कॉलियर भावांची जोडीही होती. या दोन घरांच्या चौघांसह कॉलिंगवूडने १९२७ ते १९३० अशी सलग चार अजिंक्यपदे मिळवली. त्या स्पर्धेत हा पराक्रम दुसऱ्या कुणाला साधलेला नाही. १९२८ च्या अंतिम सामन्यात गॉर्डनने एकट्याने ९ गोल केले. त्याचे कारकिर्दीतले गोल १,२९९ झाले आणि तो विक्रम १९९९ पर्यंत कुणी मोडला नाही.

बापलेकांची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. रॉन बरासी हा गिल्डफर्ड या खेड्यातल्या शेतकरी कुटुंबातला तरुण. १९४० साली मेलबर्न क्लबने अजिंक्यपद मिळवले, तेव्हा तो त्या संघात होता. पुढच्याच वर्षी, १९४१ च्या जुलैत, उत्तर आफ्रिकेतल्या तोब्रुकच्या लढाईत तो मारला गेला. मागे पत्नी आणि पाच वर्षांचा मुलगा राहिला. मुलाचे नावही रॉनच.

मुलगा मोठा झाला आणि वडिलांच्याच क्लबाकडून खेळायचे म्हणाला. पण तेव्हा शहरात हद्दीचा नियम होता. ज्या क्लबाच्या हद्दीत घर, त्याच क्लबाकडून खेळायचे. रॉन मेलबर्न क्लबाच्या हद्दीबाहेर पडत होता. मेलबर्नने खटपट केली आणि वडील पुरेसे सामने खेळलेले असतील तर मुलाला त्यांच्या क्लबात घेता यावे, अशी सवलत लागू झाली. वडील ५८ सामने खेळले होते. आई टास्मानियात राहायला गेली, तेव्हा क्लबाचे प्रशिक्षक नॉर्म स्मिथ यांनी पोराला आपल्या घरी ठेवून घेतले. १९५३ साली तो वडिलांचाच ३१ नंबर अंगावर घालून मैदानात उतरला. पुढे खेळाडू म्हणून सहा अजिंक्यपदांत त्याचा वाटा होता. २०२३ साली तो वारला. वडिलांच्या क्लबात मुलाला घेण्याची ही वाट आजही खुली आहे. आता वडिलांचे किमान १०० सामने व्हावे लागतात. २०१७ साली महिलांची स्पर्धा सुरू झाली, तिथे मुलींसाठीही अशी तरतूद आहे.

आता सुरुवातीच्या चार भावांकडे वळू. न्यू साऊथ वेल्स राज्यात अंगेरी नावाचे लहानसे गाव आहे. गहू आणि मेंढ्या हा तिथला व्यवसाय. जिम आणि एडना डॅनिहर यांचे शेत तिथेच. त्यांना अकरा मुले. सात मुली आणि टेरी, नील, अँथनी व क्रिस हे चार मुलगे.

चौघेही एसेंडन या क्लबात पोचले, पण वाट सरळ नव्हती. टेरी आणि अँथनी आधी दुसरीकडे खेळून आले. नीलला तर १९८२ च्या हंगामासाठी कर्णधार नेमले होते, वय अवघे एकवीस. पण गुडघा दुखावला आणि तो हंगाम त्याला एकही सामना न खेळता काढावा लागला. १९८४ आणि १९८५ साली एसेंडनने अजिंक्यपद मिळवले, तेव्हा कर्णधार होता थोरला भाऊ टेरी. नील मात्र त्या दोन्ही अंतिम सामन्यांत नव्हता. भावाचे यश बाहेर बसून पाहणे काय असते, ते ज्याच्या वाट्याला आले त्यालाच ठाऊक.

अखेर १९९० साली चौघे एसेंडनकडून एकत्र खेळले. किती सामने? फक्त एक! चौघांचे मिळून त्या स्पर्धेत ७५२ सामने झाले, पण एसेंडनच्या संघात चारही भाऊ एकाच दिवशी आले ते एवढेच. त्याच वर्षी राज्याच्या संघातूनही ते एकत्र खेळले. नीलने पुढे मेलबर्नला दहा हंगाम प्रशिक्षण दिले. २०१३ साली त्याला स्नायू निकामी करत जाणारा मोटर न्यूरॉनचा असाध्य आजार जडला. त्यावरील संशोधनासाठी त्याने इतरांसह २०१४ साली संस्था उभारली. २०२५ साली देशाने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम ऑस्ट्रेलियन म्हणून गौरवले. अंगेरी गावाने भावांच्या आठवणीसाठी एक भलामोठा चेंडू उभारला आहे.

वाचकहो, या सगळ्यातून काय घ्यायचे? सातबाऱ्यावर वारसाने नाव लागते, पण म्हणून पीक येत नाही. बरासीला नियमाने वडिलांच्या क्लबाचे दार उघडून दिले. मैदानातली जागा त्याला स्वतःच मिळवावी लागली. आणि डॅनिहरांच्या घरी एकाला कर्णधारपद, तर दुसऱ्याला दुखरा गुडघा, असे वाटे पडले तरी चौघे एका संघात टिकले. एका शेतावर राबणाऱ्या भावांनाही सगळे वाटे कधी सारखे येत नाहीत. एकाची विहीर लागते, दुसऱ्याची कोरडी जाते. अशा वेळी कोरड्या विहिरीच्या भावाला आपण अजून याच घरचे आहोत असे वाटते की नाही, हे प्रत्येक घराने आपल्याशी तपासून पाहावे.