बालकांचे बहिरेपण आणि वेळेचे मोल

सुरतेच्या कापडबाजारात वावरणाऱ्या सभासदांस वेळेचे मोल आम्ही काय सांगावे? तथापि घरातील तान्हे मूल आवाजाकडे वळून पाहत नाही, तेव्हा ‘बोलेल उशिराने’ असे म्हणून आपण वर्षे दवडतो. थाळी वाजविताच ते दचकले, एवढ्यावर समाधान मानतो. परंतु थाळीचा दणका जाणवणाऱ्या मुलास आईचे बोलणे ऐकू येतेच, असे नाही.

१९९८ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डॉ. क्रिस्टीन योशिनागा-इटानो व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, सहा महिन्यांच्या आत बहिरेपण ओळखले गेलेल्या मुलांची भाषा इतर बहिऱ्या मुलांहून सरस असते. २००२ साली डॉ. अनु शर्मा व सहकाऱ्यांना आढळले की, कॉक्लिअर इम्प्लांट साडेतीन वर्षांच्या आत बसविल्यास मेंदूची श्रवणशक्ती बहुधा वयानुरूप वाढते; सात वर्षांनंतर तसे क्वचितच घडते.

श्रवणयंत्र आवाज मोठा करते. इम्प्लांट मात्र अंतर्कर्णातील निकामी पेशींना वगळून श्रवणतंतूंस थेट विद्युत्संकेत देते. दोहोंनंतरही वाचाशिक्षण व घरच्यांचे सततचे बोलणे आवश्यकच असते. खर्च मोठा असला, तरी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र बालकांस इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. मुंबईची अली यावर जंग संस्था हे काम पाहते.

एका महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार, हा हिशेब प्रत्येक घराने वहीत टिपून ठेवावा. लोकलज्जेपायी तो लांबविल्यास तोटा मुलाच्या खाती पडतो, आणि तो पुढे पुरता भरून निघत नाही.