आधी नळीत बघा

सेल्फ मारला की इंजिन झोकात फिरते, बॅटरी खणखणीत आहे, आणि तरी गाडी चालू होत नाही. कराडला हायवेलगतच्या माझ्या शेडमध्ये पंचेचाळीस वर्षे ही तक्रार येते आहे. गाड्या बदलल्या, तक्रारीचे शब्द तेच राहिले. ठिणगी, कॉम्प्रेशन, टायमिंग हे विषय इथे बाजूला ठेवतो. माझ्याकडे आलेल्या अशा गाड्यांत इंधनाचीच तक्रार जास्त निघाली. इंधन पोचत नसते, किंवा पोचते पण सोबत हवा नाहीतर पाणी घेऊन येते. या दोन्ही गोष्टी डोळ्यांनी दिसतात. त्या बघायच्या आधी कुठलाही महागडा भाग बदलू नये, हे मी पहिल्यापासून सांगत आलो आणि आजही सांगतो.

कार्बोरेटरच्या जमान्याबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे, त्यामुळे मी तिथे रेंगाळत नाही. प्लग काढायचा. कोरडा असेल तर पेट्रोल आले नाही, ओलाचिंब असेल तर जास्त झाले. फ्लोटचा काटा अडकला, जेटमध्ये कचरा बसला, एसी पंपाचा पडदा फाटला, एवढ्यात बहुतेक निदान संपायचे. आठवते ती खंबाटकीची चढण. एप्रिल-मेच्या दुपारी फियाट घाटात उभी राहायची, पंपातल्या पेट्रोलची वाफ झालेली असायची. पंपावर ओले फडके टाकायचे, वीस मिनिटे सावलीत बसायचे, की गाडी पहिल्या सेल्फला चालू. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी फियाट पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात उतरली, आणि ते ओले फडकेही तिच्याबरोबर गेले.

माझे आयुष्य गेले ते डिझेलमध्ये. बॉशचा पंप जर्मनीत 1927 मध्ये कारखान्यातून बाहेर पडू लागला. आपल्याकडे 1951 मध्ये मायको कंपनी आली आणि ट्रक, ट्रॅक्टर, विहिरीवरची इंजिने या सगळ्यांच्या अंगावर मायकोचा पंप चढला. कंपनीचे नाव 2008 मध्ये बॉश झाले तरी आमच्या भागातले जुने ड्रायव्हर अजून ‘मायको पंप’च म्हणतात. हा पंप समजला की निम्मे डिझेल समजते. त्याला डिझेल पुढे रेटता येते, हवा रेटता येत नाही. नळीत हवा शिरली की पंप ती हवाच चेपत राहतो, नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही आणि इंजिन नुसते फिरत राहते.

ही हवा शिरते कुठून, हा माझ्या आवडीचा प्रश्न. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत ओढ असते. तिथे भोक पडले तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही, वास नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की नळीतले डिझेल टाकीत उतरते आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, तिथे फट पडली तर ओल दिसते. गळती दिसली की मिस्त्री ती धरतो. न दिसणारी गळती पकडणारा मिस्त्री वेगळा.

1984 च्या गळीत हंगामातली गोष्ट. उसाचा एक ट्रक रोज पहाटे बंद. तीन ठिकाणी दाखवून झाला होता. फिल्टर बदलले, फीड पंप नवा टाकला, मोठा पंप उतरवून पंपवाल्याकडे जाऊन आला. पहाट झाली की पुन्हा तेच. मालक रडकुंडीला आलेला. माझे उस्ताद आले, त्यांनी बॉनेट उघडले आणि मला म्हणाले, “जा, त्या गवंड्याकडनं लेव्हलची नळी हातभर आण.” शेजारी बांधकाम चालू होते. ती पारदर्शक नळी त्यांनी फीड पंपाच्या अलीकडे, ओढीच्या बाजूला जोडली आणि हँड प्रायमर दाबायला सुरुवात केली. कंदिलाच्या उजेडात मी वाकून बघत होतो. पिवळसर डिझेल आले, आणि त्यात मोहरीएवढे बुडबुडे, एकामागे एक, माळेसारखे. उस्ताद टाकीपासून एकेका जोडावर ग्रीसचा जाड थर देत पुढे सरकले. चेसिसला नळी जिथे घासत होती तिथे बोट फिरवून ग्रीस भरले आणि बुडबुडे थांबले. पट्टीचा बोल्ट पडला होता, नळी हलून हलून झिजली होती. केसाएवढे भोक. नळीचा तेवढा तुकडा बदलला आणि त्या हंगामात तो ट्रक पुन्हा एकदाही रुसला नाही.

त्या दिवसापासून हातभर पारदर्शक नळी माझ्या पेटीत आहे.

हवा काढण्याची रीत जुन्या लोकांना पाठ आहे, पण हल्ली ती घाईत मोडली जाते म्हणून सांगतो. आधी टाकीत डिझेल किती ते काठी घालून बघायचे, काट्यावर भरवसा ठेवायचा नाही. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले असेल तरी डिझेल ओढले जात नाही, म्हणून झाकण उघडून बघायचे. स्टॉपची वायर ओढलेली राहिली नाही ना, हेही. रोटरी पंप असेल तर सोलेनॉइडची वायर काढून टेकवायची, ‘टक्’ आवाज आला पाहिजे. मग फिल्टरचा स्क्रू ढिला करून प्रायमर मारायचा. आधी फेस येतो, मग फसफस, मग सलग धार. धार सलग झाल्यावरच स्क्रू आवळायचा. त्यानंतर पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलची युनियने ढिली करून सेल्फ. बांजो बोल्टचा तांब्याचा वॉशर जुनाच परत घातला की तिथून फट राहते. दहा-वीस रुपयांच्या त्या वॉशरपायी मी पूर्ण दिवस गेलेले पाहिले आहेत. आणि सेल्फ मारताना सायलेन्सरकडे एक माणूस उभा करावा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जाते आहे पण पेटत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचलेले नाही.

मधला काळ पेट्रोल गाड्यांत एमपीएफआयचा. त्यात फारसे रंगण्यासारखे नाही. चावी फिरवली की टाकीतला पंप दोनेक सेकंद गुणगुणतो. गुणगुण नसेल तर फ्यूज, रिले, मग पंप. गुणगुण असेल तर गेज लावून दाब बघा, बहुतेक गाड्यांत तो तीन-साडेतीन बारच्या आसपास असतो. इतके.

डिझेलमध्ये कॉमन रेल आल्यावर काही जाणकारांनी जाहीर केले की आता नळ्या-पान्यांचे दिवस संपले, स्कॅनर सांगेल ते करायचे. माझे त्यांच्याशी तेव्हाही पटले नाही, आता तर नाहीच. स्कॅनर माझ्याकडेही आहे आणि त्याच्याशिवाय मी काम करत नाही. सेल्फ मारताना रेलमधला दाब किती चढतो हे तोच दाखवतो. साधारण दोनशे बारपर्यंत चढला नाही तर बहुतेक गाड्या इंजेक्टर उघडतच नाहीत. पण दाब का चढत नाही, हे त्याच्या पडद्यावर लिहिलेले नसते. गेल्या पावसाळ्यात एक पिकअप टो करून आली. ‘रेल प्रेशर कमी’ असा कोड होता आणि मालकाच्या हातात हाय प्रेशर पंपाचे हजारोंचे कोटेशन. मी फिल्टरनंतर पारदर्शक नळी जोडली. बुडबुडे. आठवड्यापूर्वी सर्व्हिसिंगमध्ये फिल्टर बदलला होता आणि झाकणाखालची रबरी ओ-रिंग पिळवटून बसली होती. नवी ओ-रिंग घातली आणि गाडी चालू झाली.

इंजेक्टरची तपासणीही डोळ्यांनीच होते. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला चार बाटल्या लावायच्या आणि सेल्फ मारायचा. जी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरते, तिचा इंजेक्टर दाब परत सोडतो आहे. मात्र या गाड्यांची जाड नळी जुन्या सवयीने ढिली करून सेल्फ मारू नका. चालू इंजिनात तिथे हजार-दीड हजार बार आणि त्याहून जास्त दाब असतो, ती धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठायचा.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले आहे. आमच्या भागातल्या उसापासूनही ते बनते, त्यामुळे त्याच्याबद्दल मला आकस नाही. पण इथेनॉल पाणी ओढते. टाकीत पाणी मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात, आणि पंप ओढतो तळातूनच. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली मोटरसायकल किंवा गाडी चालू होत नसेल तर तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटे ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून धुवा. इंजेक्टर नंतर.

मला खंत वाटते ती हात आखडल्याची. हुशार पोरे शेडमध्ये येतात, कोड झटकन वाचतात, पण प्रायमर दाबताना बोटाला लागणारा फरक त्यांना कोणी दाखवलेला नसतो. हवा असली की प्रायमर पोकळ लागतो, डिझेल भरले की जड होतो. हे पुस्तकातून येत नाही. पंपवाल्यांची दुकाने आमच्या रस्त्यावर चार होती, आज एक आहे.

म्हणून आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्गातल्या एका इंजिनाचे डिझेल मुद्दाम संपवा, ते बंद पडू द्या, आणि प्रत्येक मुलाला एकट्याने हवा काढून ते चालू करायला लावा. नळी पारदर्शक जोडा. लागणारे इंजिन मी माझ्या शेडमधून द्यायला तयार आहे.