घरापुरती जमीन (भाग ४) : काळीतली पांढरी

उंद्री म्हटले की पुणेकराला टॉवरांचे उपनगर आठवते. २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेलेल्या अकरा गावांपैकी ते एक. या आठवड्याची उंद्री ती नव्हे. ही बुलढाणा जिल्ह्यातली, चिखली-खामगाव रस्त्यावरची. उदयनगर हे तिचे दुसरे नाव. तिकडे प्रश्न वर किती मजले चढवायचे याचा. इकडे पहिला मजला ठेवायचा कुठे, याचा.

वऱ्हाडात गावाची जमीन दोन रंगांत सांगतात. पिकते ती काळी, माणसे राहतात ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती, चुलीतली राख आणि धाब्यांवरून वाहून आलेली माती साठून पांढरी तयार होते. तिच्याभोवतीची रेघ म्हणजे गावठाणाची हद्द. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे ती ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. माणसे वाढत गेली, रेघ मात्र बहुतेक गावांत जिथल्या तिथे राहिली. मग तीन भाऊ वेगळे निघाले की ओसरीत भिंत येते, पुढच्या पिढीत अंगणात येते, आणि त्यापुढच्या वाटणीला भिंत घालण्याइतकीही जागा उरत नाही.

शेवटच्या घराला लागून स्वतःचे वावर असले तरी तिथे घर बांधणे इतके दिवस सोपे नव्हते. आधी कलम ४४ खाली अकृषिक परवानगी, म्हणजे बोलीभाषेतले ‘एन.ए.’. त्यासाठी तालुका आणि जिल्ह्याच्या खेपा. वावर दुसऱ्याचे असेल तर आडवा येई तो १९४७ चा तुकडेबंदी कायदा. शेताच्या चिंधड्या होऊ नयेत हा त्याचा हेतू, आणि तो चुकीचा नव्हता. पण २०२३ मध्ये जिरायतीची किमान मर्यादा २० गुंठे ठरली, म्हणजे २१,७८० चौरस फूट. दोन खोल्यांसाठी एवढी जमीन कोण घेणार? लोक गुंठा-दोन गुंठे घेत, स्टॅम्प पेपरवर लिहून घेत आणि घर उभे करत. सातबाऱ्यावर नाव जुन्याच मालकाचे, त्यामुळे बँक दारात उभी करत नसे.

या गाठी राज्याने एकेक करून सैल केल्या. त्यातली सर्वांत कामाची दुरुस्ती गावात सर्वांत कमी माहीत आहे. संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन राहण्यासाठी अकृषिक झाली असे मानले जाते. ठरलेली रक्कम भरायची, स्वतंत्र एन.ए. मागायची गरज नाही. १३ एप्रिल २०२२ च्या परिपत्रकात तर तहसीलदारांनी स्वतःहून अशा जमिनी शोधून धारकांना कळवावे असे म्हटले आहे. दोनशे मीटर म्हणजे शेवटच्या घरापासून वावरात तीन मिनिटांची चाल. एवढ्या पट्ट्यात कितीतरी अंगणे बसतात.

तुकडेबंदीचेही तसेच. मार्च २०२४ च्या नियमांनी घरकुलाच्या लाभार्थ्याला १,००० चौरस फुटांपर्यंत जमीन विकत घेण्याची वाट मोकळी केली, जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने. गुंठा १,०८९ फुटांचा, म्हणजे ही सवलत गुंठ्याला थोडी कमीच! आधी झालेले तुकडे नियमित करायला २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम लागत असे. पुढे ती ५ टक्क्यांवर आली आणि २०२५ च्या अध्यादेशाने शुल्कच काढून टाकले. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले व्यवहार त्यात येतात आणि गावठाणालगतचा २०० मीटरचा पट्टाही येतो. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियानेही घरांच्या टंचाईपायी २०२१ मध्ये कायदा करून एका प्लॉटचे दोन करायला परवानगी दिली. तिथे तुकडा साधारणपणे १,२०० चौरस फुटांपेक्षा लहान चालत नाही.

बांधकाम परवान्याचा जाचही कमी झाला आहे. २०२१ मध्ये ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ यांच्या काळात ठरले, की ग्रामीण भागात सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरच्या घराला नगररचनाकाराकडे जावे लागणार नाही; मालकीची कागदपत्रे आणि नकाशे ग्रामपंचायतीत द्यावेत. इथे एक घोटाळा नेहमी होतो. ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ वेगळा आणि तलाठ्याचा ‘आठ-अ’ वेगळा. पहिला घराच्या कर आकारणीचा, दुसरा शेताच्या खात्याचा. एकाच्या जागी दुसरा नेला की दिवसाची मजुरी बुडाली.

आता पैसा. प्रधानमंत्री आवास योजनेतून सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली. त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलचे. जागा नसलेल्याला ती विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून १ लाखापर्यंत साहाय्य आहे. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ फुटांचे.

कागदावर काळीची पांढरी अशी झाली. माती मात्र काळीच आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. पाया तिच्यातच टेकवला तर एक-दोन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते आणि दार चौकटीत अडकू लागते. म्हणून जाणता मिस्त्री दोरी लावण्याआधी एका कोपऱ्यात खड्डा घेऊन मुरूम किती खाली लागतो ते बघतो. तीन-चार फुटांवर लागला तर ठीक. सात-आठ फूट जावे लागले, तर काळी उपसून बाहेर टाका, मुरमाच्या ट्रॉल्या आणून भरा, पाणी मारून धुम्मस करा, वर प्लिंथ बीम घाला. जोते वर येईपर्यंत हप्त्याचा मोठा वाटा जमिनीत गेलेला असतो. योजनेत डोंगराळ भागाला १० हजार रुपये जास्त मिळतात. काळ्या मातीसाठी असा रकाना नाही.